जड हाताची

टक्.

घरात इतकी सामसूम होती की तो एवढासा आवाज प्रमिलाला चुलीपाशी बसल्या बसल्या ऐकू आला. बाळ झोळीत निजलेलं, लेक हिरकन गोधडीत तोंड खुपसून पडलेली, चुलीतल्या काड्या धड पेटल्याही नव्हत्या. खुडूक कोंबडी अंडी फिरवते तेव्हा आवाज होतो, पण तो मऊ असतो, भुशातल्या भुशात जिरणारा. पंधरा दिवसांत प्रमिलाच्या कानाला त्याची सवय झाली होती. हा तसला नव्हता. कुणाचा तरी तोल जाऊन हात टेकावा, तसा होता.

ती चिमणी घेऊन कणगीमागच्या कोपऱ्यात गेली. टोपलीवरचं डालं उचललं तर तांबडी कोंबडी एका पायावर उभी. दुसरा पाय तिने पोटाशी ओढून धरलेला. पुन्हा बसायला गेली आणि अशी कलंडली, की जणू दारू पिऊन आली आहे. तिच्या पोटाखाली एका अंड्याला चीर गेली होती आणि भुसा ओला झाला होता.

प्रमिलाने चिमणी खाली धरली. पायाचा तळवा बोराएवढा सुजलेला, मधोमध मसुरीएवढा काळा खवला. हात आपसूक पुढे गेला आणि तिथल्या तिथे थांबला. मग तिने तो पदराला पुसला, काहीच लागलेलं नसताना.

या कोंबडीला हात लावायची तिला बंदी होती.

कोंबडी घरची नव्हती, भागाबाईची होती, अर्धेलीने आणलेली. भागाबाई आपली कोंबडी आणि अंडी देई, ज्या घरात ती बसे त्या घरच्या बाईने तिला जपायचं, पिल्लं निघाली की निम्मी भागाबाईची, निम्मी त्या बाईची. पिल्लं विषम निघाली तर शेवटचं पिल्लू घरच्या लेकराचं, अशी गावाची रीत. आणि कोंबडी मेलीच, तर पुरायच्या आधी सुपात घालून मालकिणीला नेऊन दाखवायची.

मागच्या साली प्रमिलाने तसं सूप नेलं होतं. तेव्हा कोंबडीला नुसती घरघर लागली होती. सासूने, ताईबाईने, तिला काखेत धरलं आणि प्रमिलाने चोच उघडून हळदीचं पाणी थेंब थेंब सोडलं. चार थेंब गेले असतील नसतील, कोंबडीने मान टाकली. भागाबाईने सुपातली कोंबडी उलटीपालटी केली, चोच उघडून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी हापशीवर, दहा बायांच्या घागरी रांगेत असताना, म्हणाली, "पोर चांगली शे, पन तिना हात जड शे."

ताईबाई तिथेच होती. तिची घागर भरत होती. भरली तशी ती कमरेवर घेऊन तिने घरची वाट धरली.

तेवढ्या एका वाक्याने प्रमिलाचं सगळं बदललं. कुणाची गाय व्यायली की तिला गोठ्यात बोलवेनात. जावेने बाळंतपणात तिच्याकडून तेल लावून घेतलं नाही. आणि आठ महिन्यांपूर्वी तिला स्वतःला मुलगा झाला, तेव्हापासून त्याची आंघोळ सासूच घालत होती. पायांवर उताणं घेऊन, घट्ट धरून. ताईबाईच्या हाताची गावात ख्याती होती, बोकड असो की नातू, त्या हातातून काही निसटलं नाही. प्रमिला पाण्याचा तांब्या भरून द्यायची आणि बाजूला बसायची.

यंदाही भागाबाई कोंबडी द्यायला तयार नव्हती. ताईबाईने आपल्या नावावर मागून आणली. आणि चार दिवसांपूर्वी, डोळ्याच्या शिबिरासाठी प्रमिलाच्या नवऱ्याबरोबर धुळ्याला जाताना, यष्टीत पाय ठेवता ठेवता मागे वळून बजावलं, "मी येवालोंग कोंबडीले हात लावू नको. दाना टाक, पानी ठेव, बस."

यष्टी गेली. पहिल्या दिवशी बाळाला आंघोळ घालायला बसली तेव्हा प्रमिलाने पाणी दोनदा कोपराने तपासून पाहिलं. बाळ हसत होतं.

*

उन्हं अंगणात आली तशी भागाबाईही आली. ती एक दिवसाआड डोकावून जायचीच. हाडापेराने दांडगी बाई, नवरा गेल्यापासून गावात सात घरी अर्धेलीने कोंबड्या ठेवून होती आणि प्रत्येकीची चाल ओळखायची. तिने डालं उचललं, वाकून पाहिलं.

"काय व्हयनं इले?"

प्रमिलाने सांगितलं, पायात काहीतरी रुतून सुजलाय, आज पहाटे दिसलं.

"तू हात लावा का?"

"नही, अक्का."

भागाबाईने कोंबडीची मान बोटाने चाचपली, पिसं फुंकून पाहिली आणि डालं परत ठेवलं. म्हणाली, असल्या पायाची कोंबडी चालत नाही, चालली नाही तर खात नाही, पाच दिवसांत वाळून काटकी होते. त्यापेक्षा अंगावर मांस आहे तोवर कापलेली बरी. "इना पाय गया. सकाय मनाकडे पाव्हना येतीन. सांजले लई जासू."

"सकाय?" म्हणजे उद्याच. प्रमिलाने बोटं मोजली. आज सोळावा दिवस. अजून पाच दिवस कोंबडी बसायला हवी होती. "मंग अंडासनं काय, अक्का?"

"त्यासवर आते कोन बसी? तू?"

भागाबाई स्वतःच हसली आणि पायऱ्या उतरून गेली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला तसं बोलायची सवयच होती.

हिरकन उठून टोपलीपाशी उकिडवी बसली होती. सहा वर्षांची पोर, पण अंडी मोजण्यात पक्की. आजीला ती मोठी माय म्हणे, आणि मोठ्या मायनेच तिला सांगून ठेवलं होतं की तेरा अंडी आहेत, तेरावं पिल्लू तुझं. आता तिने मोजली, परत मोजली.

"बाराच शेतस."

"हं."

"मनंच फुटनं का?"

प्रमिलाने फुटकं अंडं करवंटीत उचललं आणि बाहेर नेलं. आत काय होतं ते पोरीला दिसू नये म्हणून अंगाआड धरून नेलं.

*

कांद्याची निंदणी चालू होती. नदीकाठच्या मळ्यात सकाळपासून बाया ओळीने बसल्या होत्या, आणि थंडी अशी की विळ्याची मूठ हाताला चिकटावी. प्रमिलाने बाळाला बांधावर गोणपाटाच्या आडोशाला निजवलं, हिरकनला शेजारी बसवलं आणि वाफा धरला. बसून सरकायचं, गवत उपटायचं, परत सरकायचं. तासाभरात गुडघ्यांच्या मागे आग सुरू झाली. कंबर तर बाळंतपणापासून तिची राहिलीच नव्हती. पण आज तिचं लक्ष दुखण्याकडे नव्हतं. कांद्याच्या पातीत काटा दिसला की ती हातात घेऊन पाहायची, एवढासा तर असतो.

काढायला एक जण पुरे होतं. धरायला दुसरं हवं होतं.

शेजारच्या वाफ्यात तानुबाई होती. भिंतीला भिंत लागून घर, रोजचं देणंघेणं. प्रमिलाने दोन वाफे होईपर्यंत शब्द जुळवले आणि मग विचारलं, दुपारी येशील का, नुसती धर, बाकी मी करते. तानुबाईने विळा खाली ठेवला. उपटलेलं गवत झटकून झटकून त्याची माती पाडत राहिली. मग हळू म्हणाली की आली असते गं, पण समज काही झालं, तर भागाबाई माझंही नाव घेईल.

"मना हातले आजलोंग कोनी बोट लावं नही, पमी. त्याले डाग कसाले लाऊ?"

प्रमिला खाली पाहून गवत उपटत राहिली. तिला रागही आला नाही. राग यायलाही अंगात काही लागतं.

दुपारी भाकरीच्या सुट्टीला ती उठली ती परत वाफ्यात बसली नाही. अर्धा रोज सोडून, बाळ काखेला आणि पोर बोटाला, ती घराकडे निघाली.

*

घरी येऊन तिने आधी दार लावून घेतलं. पाणी तापवलं, मीठ टाकलं. दाभणाचं टोक चुलीत लाल केलं. वाटीत हळद आणि करंजाचं तेल कालवलं. बाळाला पाजून झोळीत घातलं.

मग टोपलीपुढे बसली. हिरकनला तिने सांगितलं, मी कोंबडी उचलली की तू अंड्यांवर गोणपाट टाक, आत दोन्ही हात घाल आणि हात काढू नको. अंडी निवायला लागली तर मला ओरडून सांग.

बाजारात नेताना धरतात तसे तिने कोंबडीचे दोन्ही पाय एका हातात धरले आणि उलटी उचलली. क्षणात घरभर पंख. डोळ्यांत भुसा गेला, राख उडाली. मोकळ्या नखीने तिच्या मनगटावर लांबलचक ओरखडा काढला आणि ती सुटली ती थेट पाण्याच्या हंड्यावर जाऊन आदळली. हिरकन किंचाळली, पण हात काढले नाहीत.

"गरम शेतस का?"

"शेतस."

कोंबडी कोपऱ्यात धापा टाकत होती. प्रमिलाही. मनगटावरचं रक्त तिने जिभेने पुसलं आणि परत गेली, या वेळी हळू, भिंतीकडून. मग सासू धरायची तसं केलं. कोंबडी डाव्या काखेत घेतली, कोपराने गच्च दाबली, पाय पुढे.

आणि काय सांगावं, कोंबडी गप्पच झाली. पंख नाही, झटका नाही. सासूची रीत खरी, असं प्रमिलाच्या मनात आलं. तिने उजव्या हाताने पाय मिठाच्या पाण्यात बुडवला. काळा खवला भिजून मऊ होऊ लागला. दाभण घ्यायला ती जरा वळली, तेव्हा तिची नजर कोंबडीच्या तोंडाकडे गेली.

चोच उघडी होती. मान लांब झाली होती. तुरा, जो सकाळी जास्वंदीसारखा होता, जांभळासारखा होत चालला होता. आणि डोळ्याची पापणी, कोंबडीची खालून वर येते तशी, हळूहळू वर येत होती.

हा रंग तिने पाहिला होता. मागच्या साली तीच तोंडापाशी बसली होती.

तिचा कोपर आपोआप सैल पडला. तिच्या बरगडीला कोंबडीची छाती लागून होती, आणि ती छाती एकदम फुगली, तिला अंगाला कळलं, बाळ रडून रडून थांबल्यावर हुंदका घेतं तशी. मग पुन्हा. मग पुन्हा. जांभळं उतरत उतरत तांबडं झालं. पापणी खाली गेली आणि कोंबडीने तिच्याकडे एका डोळ्याने पाहिलं.

प्रमिला तशीच बसून राहिली. आत काहीतरी सरकत सरकत वर येत होतं आणि तिला ते यायला नको होतं. हळदीच्या पाण्याचे चार थेंब. चार थेंबांनी काय होतं? कोंबडीला श्वास घ्यायला छाती फुगवायला लागते, आणि ती छाती तेव्हा कुणाच्या काखेत होती?

"माय," कणगीमागून हिरकन म्हणाली, "हाई एक जरासं कोमट व्हयनं."

"करस, बेटा. झायंच."

दांडीवर सासूचं जुनं लुगडं होतं, धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं. तिने ते मांडीवर पसरलं. कोंबडीचे पंख अंगाशी मिटवले आणि पाठीवरून लुगडं फिरवलं, बाळाला दुपट्यात घेतात तसं. पण छातीपाशी तळहात आत जाईल एवढी जागा सोडली, आणि खरोखर तळहात घालून पाहिला. आत धडधड होती, भरभर, पण मोकळी. वरचं टोक तिने कोंबडीच्या डोळ्यांवर ओढलं. कोंबडीच्या लेखी रात्र झाली. तिने मान टेकवली.

भिंतीला पाठ लावून, मांडीवर ते गाठोडं आडवं घेऊन, दुखरा पाय तेवढा बाहेर काढून प्रमिला बसली. आणि तिच्या लक्षात आलं की तिचे दोन्ही हात मोकळे आहेत.

तेवढ्यात बाळ उठलं. तिने पाय लांब करून झोळीची दोरी अंगठ्यात अडकवली आणि हलवू लागली. बाळ थांबेना. रडणं ऐकून तिची छाती भरून आली, चोळी ओली झाली, पण ती उठू शकत नव्हती. अंगठा दोरीत, मांडीवर जीव, हातात दाभण. तिने खवल्याच्या कडेने टोक घातलं आणि उचललं. कोंबडीचा पाय एकदाच आखडला. आतून शिताएवढा घट्ट पू निघाला, मग दुसरा, आणि मग काळं टोक. तिने नखांनी धरलं. निसटलं. परत धरलं. पाय पुसून पुन्हा ओढलं, तसा बाभळीचा काटा अर्ध्या बोटाएवढा बाहेर आला.

तिने तो चिमणीकडे धरला, दिवसा चिमणी पेटवलेली नव्हती हे विसरून. मग दाराच्या फटीकडे वळली आणि पाहिला.

"निंघना का?" हिरकनने विचारलं.

"निंघना."

हळद-तेल भरलं, लुगड्याचीच एक चिंधी फाडून बोटांच्या मधून बांधली. आधी डोळ्यांवरचं टोक काढलं, मग पंख सोडले. तिने कोंबडीला टोपलीत ठेवलं तशी हिरकनने हात काढून घेतले. कोंबडी क्षणभर उभी राहिली, चिंधीच्या पायाने अंडी चाचपली, चोचीने एक-एक आत ओढलं आणि बसली. कुर्र, असा बारीक आवाज केला.

मग प्रमिलाने बाळाला घेतलं. पाजता पाजता तिला दिसलं की आपण त्यालाही छातीशी घट्ट दाबलंय. तिने हात सैल केला.

*

दुसऱ्या दिवशी चारच्या यष्टीने ताईबाई आली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा, एक हात मुलाच्या, भिकनच्या, खांद्यावर. पाच दिवसांत म्हातारी अर्धी झाली होती. डॉक्टरने वाकू नको म्हणून सांगितलेलं, म्हणून मान ताठ धरून ती अशी चालत होती की डोक्यावर भरली घागर आहे. भिकन तिला ओट्यावर बसवून तसाच मळ्याकडे पाणी धरायला गेला. प्रमिलाने पाय धुतले, चहा दिला. म्हातारीने हात पुढे करून बाळाला चाचपलं, डोकं, मान, पोट. "धुवं का रोज याले?" तिने विचारलं. प्रमिला म्हणाली, रोज. म्हातारीने बाळाला मांडीवर घेतलं आणि परत दिलं नाही.

तेवढ्यात भागाबाई काखेत रिकामं डालं घेऊन आलीच.

प्रमिला आत गेली आणि तिने कोंबडीला टोपलीतून दाण्यावर सोडलं. कोंबडी अंगणात आली. चिंधीचा पाय तिने उचलला, थांबली, आणि टेकवला. हलका टेकवला, पण टेकवला. मग लंगडत लंगडत दाणे टिपू लागली. भागाबाईने तिला अलगद उचललं, पाय उलटा करून पाहिला, चिंधीचा वास घेतला.

"कोनी बांधं हाई?"

ओट्यावरच्या म्हातारीची मान वळली.

"मी," प्रमिला म्हणाली.

"आन् धरेल कोनी?"

"मीच."

"एकलीनी?"

प्रमिलाने मान हलवली. भागाबाईने तिच्या मनगटावरचा ओरखडा पाहिला. मग कोंबडी खाली सोडली, ती आपणहून टोपलीकडे गेली. भागाबाईने डालं परत काखेला मारलं.

"पाव्हनासले बेसन करी टाकसू," ती म्हणाली. पायरी उतरताना थांबली. "मनी कवळी कोंबडी बी लंगडस. सवड व्हयनी तं येजो."

ती गेली. ताईबाईचा हात बाळाच्या पाठीवरून फिरत राहिला. शेवटी तिने विचारलं, आवाजात राग नव्हता, कामाची बाई कामाच्या बाईला विचारते तसं, "कशी धरी वं?"

प्रमिलाच्या ओठांशी सगळं आलं. हापशीवरचा तो दिवस आला, तांब्या भरून देऊन बाजूला बसलेल्या सगळ्या सकाळी आल्या. तिने म्हातारीकडे पाहिलं. हिरव्या पट्टीच्या कडेतून पाणी झिरपून सुरकुतीत उतरलं होतं. ते पुसायला मनाई होती, म्हणून म्हातारी तोंड आवळून बसली होती.

"लुगडामा गुंडाळी," प्रमिला म्हणाली. "तुमनं जुनं."

ताईबाईने मान हलवली. पण हिरकन कालपासून ही गोष्ट पोटात घेऊन फिरत होती. ती ओट्यावर चढली आणि हातवारे करून सांगू लागली, मोठी माय, आधी कोंबडी हंड्यावर आपटली, मग मायने तुझ्यासारखी काखेत दाबली, तर तिने डोळेच मिटले, मग मायने ढिली सोडली, तशी तिने परत उघडले. मग लुगड्यात घेतली, आणि छातीपाशी एवढी, एवढी जागा सोडली.

म्हातारीचा बाळाच्या पाठीवरचा हात थांबला. बोटं जरा उचलली गेली आणि तशीच अधांतरी राहिली.

प्रमिला म्हणाली, हिरकन, जा, अंडी मोजून ये. पण पोर हलली नाही. काहीतरी जुळत नव्हतं, आणि तिने ते जुळवायला आईकडेच पाहिलं.

"माय, मंग मांगली कोंबडी कसानी मरी गई?"